सिरियल पोर्टची जोडणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वजनकाटा, बारकोड स्कॅनर, पावतीचा प्रिंटर, सीएनसी मशीनचा कंट्रोलर, नेटवर्क स्विच, घरी जुळवलेला बोर्ड... उपकरण बदलतं, पण माझ्याकडे येणारी अडचण बहुतेक वेळा तीच असते. कोणत्या तारेवर कोण बोलतंय हे कुणी बघितलेलंच नसतं, आणि सॉफ्टवेअरमधली सेटिंग मात्र दहादा बदलून झालेली असतात. म्हणून इथल्या बऱ्याच उत्तरांत मल्टीमीटर हातात घ्यायला सांगितलं आहे. साधा, स्वस्तातला मीटरही चालतो.

१. जुन्या कॉम्प्युटरच्या मागे दोन-तीन तऱ्हेचे कनेक्टर आहेत. त्यांतला सिरियल पोर्ट कोणता?

पिना बाहेर दिसणारा, म्हणजे मेल कनेक्टर शोधा. नऊ पिनांचा मेल असेल तर तोच. १९८४ साली आलेल्या आयबीएमच्या पीसी-एटीवर हा नऊ पिनांचा पोर्ट होता आणि पुढे तोच रूढ झाला. त्याआधीच्या यंत्रांवर २५ पिनांचा मेल असायचा. २५ छिद्रांचा फिमेल दिसला तर तो प्रिंटरचा पॅरलल पोर्ट आहे. त्याचे सिग्नल ५ व्होल्टचे असतात, त्यामुळे जेंडर चेंजर लावून सिरियल केबल त्यात बसवू नका. तीन ओळींत १५ छिद्रं असतील तर तो मॉनिटरचा.

२. नऊ पिनांपैकी कोणती पिन कशाची? २५ पिनांच्या कनेक्टरवर तीच कुठे असते?

कॉम्प्युटरच्या बाजूने पाहिलं तर असं (डीटीआर, आरटीएस वगैरे कंट्रोल सिग्नलांचं काम प्रश्न ८मध्ये आहे):

१ – डीसीडी (आत येतो), २५ पिनांत ८
२ – आरएक्सडी, डेटा आत येतो, २५ पिनांत ३
३ – टीएक्सडी, डेटा बाहेर जातो, २५ पिनांत २
४ – डीटीआर (बाहेर), २५ पिनांत २०
५ – सिग्नल ग्राउंड, २५ पिनांत ७
६ – डीएसआर (आत), २५ पिनांतही ६
७ – आरटीएस (बाहेर), २५ पिनांत ४
८ – सीटीएस (आत), २५ पिनांत ५
९ – आरआय, मोडेमची घंटी (आत), २५ पिनांत २२

दोन गोष्टी इथे फसवतात. २ आणि ३ यांची अदलाबदल होते, आणि ७ नंबर एकीकडे ग्राउंड तर दुसरीकडे आरटीएस असतो. मी पहिल्यांदा २५ पिनांची केबल कापून तिला नऊचा कनेक्टर सोल्डर केला तेव्हा सवयीने ७ला ग्राउंड दिलं. अर्धा दिवस गेला. पोर्ट जळला नाही, कारण ड्रायव्हर, म्हणजे तारेवर व्होल्टेज टाकणारा भाग, शॉर्ट सहन करेल असाच बनवावा असं आरएस-२३२ या सिरियल पोर्टच्या मानकात म्हटलं आहे. पण त्या दिवसापासून सोल्डर करण्याआधी हा तक्ता मी कागदावर लिहून समोर ठेवतो. कनेक्टरच्या प्लास्टिकवर पिनांचे बारीक आकडे छापलेले असतात, ते उजेडात धरून वाचा. समोरून आणि मागून पाहताना क्रम उलटा दिसतो.

३. दोन्ही बाजूंना टीएक्स लिहिलंय. मग टीएक्सला टीएक्स जोडायचं की आरएक्स?

१९६० साली हे मानक आलं तेव्हा चित्र सोपं होतं. एका टोकाला टर्मिनल, दुसऱ्या टोकाला मोडेम. टर्मिनलाला डीटीई म्हटलं, मोडेमला डीसीई, आणि सगळ्या सिग्नलांना टर्मिनलाच्या बाजूने नावं दिली. म्हणजे टीएक्सडी ही टर्मिनल ज्यावर बोलतं ती तार. मोडेमवरच्या त्याच पिनेचं नावही टीएक्सडीच, पण मोडेम त्या पिनेवर ऐकतो. म्हणून कॉम्प्युटर आणि मोडेम यांच्यात सरळ केबल लागते: २ला २, ३ला ३.

पुढे लोक कॉम्प्युटरला कॉम्प्युटर जोडू लागले. दोघेही डीटीई, दोघेही ३वर बोलणार आणि २वर ऐकणार. तिथे तारा ओलांडाव्या लागतात, म्हणजे क्रॉस केबल. तिलाच नल मोडेम केबल म्हणतात.

उपकरण बनवणारे मात्र यातलं काहीही निवडतात. काही बोर्डांवर टीएक्स म्हणजे 'मी इथून बोलतो', काहींवर 'कॉम्प्युटरचा टीएक्स इथे लावा'. त्यामुळे छापलेल्या नावावर विसंबू नका. मोजा.

४. उपकरणाचं माहितीपत्रक हरवलंय. सरळ केबल हवी की क्रॉस, हे कसं ओळखायचं?

सगळ्यांत जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, म्हणून उत्तर सावकाश देतो.

उपकरण चालू करा, पण कॉम्प्युटरला जोडू नका. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. काळा प्रोब ५ नंबरच्या पिनेला लावा (२५ पिनांचा असेल तर ७ला). लाल प्रोब आधी २ला, मग ३ला. जिथे स्थिर ऋण व्होल्टेज मिळेल, साधारण उणे ५ ते उणे १२, ती पिन उपकरणाची बोलणारी पिन. आरएस-२३२मध्ये गप्प असलेली तार ऋण असते, हाच आपला आधार. दुसरी पिन शून्याजवळ असेल. ती ऐकणारी.

आता हेच कॉम्प्युटरच्या नऊ पिनांच्या पोर्टवर करा. तिथे ऋण व्होल्टेज ३वर मिळेल. नऊ पिनांच्या उपकरणाचंही ३वरच मिळालं तर दोघं एकाच तारेवर बोलणार, म्हणून क्रॉस. उपकरणाचं २वर मिळालं तर सरळ.

उपकरणावरचा कनेक्टर मेल आहे की फिमेल यावरून अंदाज बांधता येतो, निर्णय घेता येत नाही. मेल म्हणजे डीटीई, फिमेल म्हणजे डीसीई हा संकेत आहे, पण फिमेल कनेक्टर असूनही ३वर बोलणारी उपकरणं मी हाताळली आहेत. केबलचंही तसंच. पाकिटावर काहीही लिहिलेलं असो, मीटरच्या बझरवर २ला २ वाजतंय की २ला ३, हे पाहायला अर्धा मिनिट लागतो.

दोन्ही पिनांवर शून्य आलं तर? एक, उपकरणाची चिप केबल नसताना झोपत असेल. काही चिप समोरून व्होल्टेज दिसेपर्यंत आपला ड्रायव्हर बंद ठेवतात. दोन, उपकरण स्वतःच्या सिरियल भागासाठी वीज कॉम्प्युटरच्या डीटीआर आणि आरटीएसवरून घेत असेल. जुने सिरियल माउस असेच चालत. अशी उपकरणं जोडल्याशिवाय मोजता येत नाहीत. आणि ऋणाऐवजी स्थिर धन ३.३ किंवा ५ व्होल्ट दिसले तर थांबा, ते आरएस-२३२ नसण्याचीच शक्यता जास्त. प्रश्न ६ वाचा.

५. माझ्या पोर्टवर फक्त उणे ५.५ व्होल्ट येतात. पुस्तकात १२ लिहिलंय. पोर्ट खराब झालाय का?

नाही. पाठवणाऱ्याने भारावर किमान ५ व्होल्ट द्यावेत आणि ऐकणाऱ्याने ३ व्होल्टही ओळखावेत, असं मानक सांगतं. मधला २ व्होल्टचा फरक केबलमधल्या गडबडीसाठी राखलेला. उणे ३ ते उणे १५ म्हणजे १, अधिक ३ ते अधिक १५ म्हणजे ०. जुन्या कॉम्प्युटरात पॉवर सप्लायच्या अधिक-उणे १२ व्होल्टवर ड्रायव्हर चालत, म्हणून तिथे १० व्होल्टच्या आसपास दिसतात. आजच्या चिप ३.३ किंवा ५ व्होल्टवरून आतल्या आत, छोट्या कपॅसिटरच्या मदतीने, धन आणि ऋण व्होल्टेज तयार करतात. तिथे साडेपाच ही अगदी निरोगी संख्या आहे.

कंट्रोल सिग्नलांचा (आरटीएस, सीटीएस, डीटीआर वगैरे) अर्थ उलट लावायचा: धन म्हणजे चालू, ऋण म्हणजे बंद.

६. बोर्डवरच्या टीएक्स-आरएक्स पिना थेट कॉम्प्युटरच्या सिरियल पोर्टला जोडल्या तर चालेल का?

चालणार नाही, आणि कृपा करून करून पाहू नका. बोर्डवरचा मायक्रोकंट्रोलर ० आणि ३.३ (किंवा ५) व्होल्टवर बोलतो, गप्प असताना तार वर ठेवतो. आरएस-२३२ गप्प असताना तार ऋण ठेवतो. म्हणजे व्होल्टेजही वेगळं आणि अर्थही उलटा. पोर्टकडून येणारे उणे १० व्होल्ट मायक्रोकंट्रोलरच्या पिनेत शिरले की ती पिन जाते, पुष्कळदा आख्खी चिप जाते. मध्ये मॅक्स२३२ किंवा ३.३ व्होल्टसाठी मॅक्स३२३२ जातीची चिप लागतेच. ती व्होल्टेजही बदलते आणि सिग्नलही उलटवते.

'पण माझ्याकडे नुसतं उलटवून थेट जोडलं तरी चालतंय' असं काही जण लिहितात, आणि ते खरंही असतं. बोर्डकडून पोर्टकडे जाणाऱ्या दिशेत ते घडतं, कारण पुष्कळ रिसीव्हर प्रत्यक्षात अधिक दीड व्होल्टच्या आसपासच पलटतात, त्यामुळे ० आणि ५ व्होल्टही त्यांना पुरतात. ती त्या चिपची उदारता आहे, मानकाने दिलेला शब्द नव्हे. दुसऱ्या पोर्टवर किंवा लांब केबलवर तीच जोडणी दगा देईल.

७. कमीत कमी किती तारा लागतात?

दोन्हीकडून बोलायचं तर तीन: जाणारी, येणारी, ग्राउंड. फक्त ऐकायचं असेल, जसं सतत वजन पाठवणारा काटा, तर दोन. ग्राउंड मात्र कधीच गाळता येत नाही, आणि केबलच्या जाळीला ग्राउंड समजून वापरू नका. जाळी एका टोकाला कनेक्टरच्या धातूच्या कवचाला जोडायची, ग्राउंडसाठी वेगळी तार घ्यायची.

८. मग बाकीच्या पिनांचं काम काय?

डीटीआर आणि डीएसआर 'मी हजर आहे' सांगतात. आरटीएस आणि सीटीएस वेग आवरतात: समोरच्याचा बफर, म्हणजे आलेला डेटा तात्पुरता साठवण्याची जागा, भरत आला की तो आपली तार खाली नेतो आणि आपण थांबायचं. मूळ अर्थ असा नव्हता. तेव्हा एका वेळी एकानेच बोलायचं असे मोडेम होते, त्यांना 'मला बोलायचंय' आणि 'बोल' सांगण्यासाठी ही जोडी होती. आज ती बहुतेक सगळीकडे वेग आवरायलाच वापरतात. डीसीडी आणि आरआय मोडेमचे, मोडेम नसेल तर विसरा.

पूर्ण क्रॉस केबलमध्ये २–३, ३–२, ५–५, ७–८, ८–७ आणि एकीकडचा ४ दुसरीकडच्या ६ व १ला, दोन्ही दिशांनी.

९. तीनच तारा जोडल्या, केबल बरोबर आहे, तरी एक अक्षरही जात नाही. का?

कारण प्रोग्राम किंवा उपकरण सीटीएसची वाट बघत बसलं आहे. ती पिन लोंबकळत आहे, तिला कुणी धन करत नाही, म्हणून पाठवणारा थांबलेलाच आहे. आधी प्रोग्राममध्ये हार्डवेअर फ्लो कंट्रोल, म्हणजे आरटीएस-सीटीएसने वेग आवरणं, बंद करून पाहा. उपकरणाच्या बाजूने ते बंद करता येत नसेल तर त्याच्याच कनेक्टरवर ७ आणि ८ जोडा, तसंच ४, ६ आणि १ जोडा. उपकरण डीटीई असेल तर त्याची स्वतःची 'तयार आहे' खूण त्यालाच परत मिळते आणि ते बोलायला लागतं.

या उपायाची किंमत समजून घ्या. आता खरोखर थांबवणारं कुणी नाही. मोठी फाइल पाठवताना मधली अक्षरं गळू लागली तर तो ह्याच जोडलेल्या पिनांचा परिणाम. तेव्हा खऱ्या तारा ओढा, नाहीतर सॉफ्टवेअर फ्लो कंट्रोल वापरा. त्यात थांबायला १९ आणि पुन्हा सुरू करायला १७ हे कोड त्याच डेटाच्या तारेवरून जातात. नुसता मजकूर असेल तरच ते वापरा, कारण चित्र किंवा प्रोग्राम फाइलमध्ये १९ हा आकडा सहज सापडतो आणि पाठवणं मध्येच थबकतं.

१०. अक्षरं येतात, पण कचरा येतो. कुठून सुरुवात करू?

कचरा कसा आहे ते नीट बघा, तो बरंच सांगतो.

सगळंच अगम्य असेल आणि पाठवलेल्या अक्षरांपेक्षा आलेली अक्षरं कमी किंवा जास्त असतील तर बॉड रेट, म्हणजे सेकंदाला किती बिट हा वेग, चुकला आहे.

काही अक्षरं बरोबर आणि काही ठरावीक अक्षरं दर वेळी चुकीची असतील तर पॅरिटी, म्हणजे १ची संख्या सम किंवा विषम करायला जोडलेला तपासणीचा बिट, बघा. एका वजनकाट्यावर मला हे अगदी स्वच्छ दिसलं होतं. ०, ३, ५, ६, ९ हे आकडे नीट येत होते आणि १, २, ४, ७, ८ यांच्या जागी विचित्र चिन्हं. काटा ७ बिट आणि इव्हन पॅरिटीवर पाठवत होता, कॉम्प्युटर ८ बिट आणि पॅरिटीविना वाचत होता. ज्या आकड्याच्या कोडमध्ये १ची संख्या विषम, त्याला काटा आठवा बिट १ लावून पाठवतो, आणि कॉम्प्युटर तो डेटाच समजतो. १चा कोड ४९, त्याचा झाला १७७. सेटिंग ७-इव्हन-१ केली आणि काम झालं. बरोबर-चूक गट नेमके उलटे दिसले, तर ऑड पॅरिटी.

बहुतेक वेळा बरोबर आणि मधूनच एखादं अक्षर बिघडत असेल तर ग्राउंड, केबलची लांबी (प्रश्न १२) किंवा घड्याळातला फरक तपासा. रिसीव्हर स्टार्ट बिटच्या, म्हणजे प्रत्येक अक्षराआधी येणाऱ्या खुणेच्या बिटच्या, कडेपासून मोजत प्रत्येक बिटच्या मध्यावर वाचतो. दहाव्या बिटचा मध्य साडेनऊ बिटांवर येतो आणि तोवर अर्ध्या बिटाचीच चूक खपते. म्हणजे दोन्ही टोकांचा मिळून फरक फार तर ५ टक्के, प्रत्यक्षात एकेका बाजूला २ टक्क्यांच्या आत ठेवावा. क्रिस्टल नसलेला, आतल्या ऑसिलेटरवर चालणारा मायक्रोकंट्रोलर तापला की ही मर्यादा ओलांडू शकतो. सकाळी चालतं आणि दुपारी बिघडतं, ही तक्रार असेल तर आधी इथेच बघा.

११. ९६०० बॉड म्हणजे सेकंदाला किती अक्षरं?

८ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट या नेहमीच्या सेटिंगवर ९६०. प्रत्येक अक्षराला एक स्टार्ट आणि एक स्टॉप बिट धरून दहा बिट लागतात. एक बिट सुमारे १०४ मायक्रोसेकंदांचा.

१२. केबल किती लांब चालेल?

१९६९च्या आरएस-२३२-सी मध्ये ५० फूट, म्हणजे सुमारे १५ मीटर, असं सांगितलं होतं. नंतरच्या आवृत्तीने मीटर सोडून कपॅसिटन्स धरला: एकूण २,५०० पिकोफॅरडपर्यंत. जाळीच्या साध्या केबलला मीटरमागे १०० ते १६० पिकोफॅरड पडतात, त्यातून तोच १५ ते २५ मीटरचा हिशेब निघतो. मानकाचा वेगही २०,००० बिटपर्यंतचाच आहे. १,१५,२०० वर काम करायचं तर केबल दोन-तीन मीटरचीच ठेवा. ९६०० किंवा त्याखाली याहून बऱ्याच लांब केबल चालताना दिसतात.

नेटवर्कची पिळाची केबल वापरत असाल तर जाणारी आणि येणारी तार एकाच पिळात घेऊ नका. एकीचा सिग्नल दुसरीत उतरतो. प्रत्येक डेटा तारेच्या जोडीला ग्राउंड द्या.

१३. पोर्ट चांगला आहे की नाही, हे उपकरणाशिवाय कसं तपासू?

पोर्टच्या २ आणि ३ पिना तारेच्या तुकड्याने किंवा कापलेल्या फिमेल कनेक्टरने जोडा. टर्मिनल प्रोग्राम उघडा, फ्लो कंट्रोल आणि लोकल एको (टाइप केलेलं प्रोग्रामनेच पडद्यावर दाखवणं) बंद करा, काहीतरी टाइप करा. टाइप केलेलं परत दिसलं तर पोर्ट, त्याचं ड्रायव्हर सॉफ्टवेअर, प्रोग्राम ठीक. मग हाच जोड केबलच्या दुसऱ्या टोकाला करा, म्हणजे केबलही तपासून होते. ही चाचणी बॉड रेट तपासत नाही, कारण पाठवणारा आणि ऐकणारा एकच आहे.

१४. यूएसबी कन्व्हर्टर लावल्यावर पोर्टचा नंबर बदलतो, आणि जुनं सॉफ्टवेअर टाइमआउट देतं. काय करावं?

नंबरचं कारण साधं आहे. कन्व्हर्टरच्या चिपमध्ये स्वतःचा अनुक्रमांक नसेल तर विंडोज तो कन्व्हर्टर कोणत्या यूएसबी खाचेत आहे यावरून ओळखतं. खाच बदलली की नंबर बदलला. नेहमी एकच खाच वापरा. लिनक्सवर पोर्ट दिसतो पण उघडत नसेल तर आपलं खातं डायलआउट गटात आहे का बघा.

टाइमआउटचं मूळ यूएसबीच्या स्वभावात आहे. तो एकेक अक्षर न देता गठ्ठ्याने देतो. एफटीडीआय कंपनीच्या कन्व्हर्टर चिपमध्ये थोडाच डेटा असेल तर मूळ सेटिंगवर १६ मिलिसेकंदांपर्यंत थांबण्याची सोय आहे. ड्रायव्हरच्या प्रगत सेटिंगमध्ये लेटन्सी टायमर १ किंवा २ करा. प्रश्न-उत्तर पद्धतीने चालणाऱ्या उपकरणांना याने लगेच फरक पडतो. कन्व्हर्टर घेताना तो आरएस-२३२चा आहे की टीटीएलचा (प्रश्न ६मधल्या बोर्डसारखा ० आणि ३.३ किंवा ५ व्होल्टचा) हे नक्की करून घ्या, दिसायला दोन्ही सारखेच यूएसबी प्लग असतात.

१५. प्रोग्राम पोर्ट उघडतो त्या क्षणी बोर्ड रीसेट होतो. हा दोष आहे का?

नाही, मुद्दाम केलेली सोय आहे. पोर्ट उघडताना कॉम्प्युटर डीटीआर चालू करतो. आर्डुइनो उनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डवर तोच सिग्नल १०० नॅनोफॅरडच्या कपॅसिटरमधून रीसेटला जातो, म्हणजे नवा प्रोग्राम भरताना हाताने बटण दाबावं लागत नाही. नको असेल तर प्रोग्राममध्ये डीटीआर बंद ठेवून पाहा, किंवा रीसेट आणि ग्राउंडमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. नवा प्रोग्राम भरताना तो काढायला विसरू नका.

१६. नेटवर्क स्विचच्या कन्सोलला, म्हणजे सेटिंग करण्याच्या सिरियल पोर्टला, आरजे-४५ (नेटवर्क केबलचा) कनेक्टर आहे. नेटवर्कची साधी केबल चालेल का?

कनेक्टर तोच, जोडणी वेगळी. सिस्कोच्या कन्सोलवर ३ टीएक्स, ६ आरएक्स, ४ आणि ५ ग्राउंड, आणि सोबत येणारी चपटी रोलओव्हर केबल १ला ८, २ला ७ अशी पूर्ण उलटवलेली असते. सगळे उत्पादक हाच क्रम पाळत नाहीत, म्हणून प्रश्न ४मधली मोजणी इथेही करा. कन्सोल केबल चुकून इथरनेटच्या पोर्टात घालू नका, काही इथरनेट पोर्टांतून वीजही दिलेली असते.

१७. एकाच पोर्टला दोन उपकरणं जोडता येतील का?

दोघांनी ऐकायचं असेल तर येतील. कॉम्प्युटरची बोलणारी तार दोन रिसीव्हरांना वाटता येते, पण मानकाने एकाच रिसीव्हरचा भार धरला आहे, तेव्हा केबल आखूड ठेवा. दोन उपकरणांच्या बोलणाऱ्या तारा मात्र एकत्र करू नका: एक तार ऋण धरून ठेवणार, दुसरा धन करू पाहणार, आणि दोघांचंही बोलणं बिघडणार. अनेक उपकरणं एकाच तारेवर हवी असतील तर आरएस-४८५ घ्या. दोन तारांमधला फरक वाचणारी ही पद्धत ३२ प्रमाणित भार आणि सुमारे १,२०० मीटर लांबी पेलते, दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर लावून. तिथल्या ए आणि बी या नावांचा अर्थ मात्र उत्पादकागणिक उलटतो. काहीच येत नसेल तर दोन तारा अदलून पाहा, त्याने नुकसान होत नाही.

१८. उपकरण चालू असताना केबल काढली-लावली तर पोर्ट जळतो का?

सहसा नाही, पण जळलेले पोर्ट मी पाहिले आहेत आणि दर वेळी कारण ग्राउंडचं होतं. कॉम्प्युटर एका सॉकेटवर, उपकरण दुसऱ्या फेजवर, त्यातल्या एकाला अर्थिंग नाही. अशा वेळी दोन ग्राउंडमध्ये दहा-वीस व्होल्टसुद्धा असू शकतात. केबल लावताना ५ नंबरची पिनच आधी टेकेल याची खात्री नसते, आणि तो फरक डेटाच्या पिनेतून वाट काढतो. लावण्याआधी केबल मोकळी ठेवून दोन्ही कनेक्टरांच्या ग्राउंडमध्ये मीटर लावा, एसी आणि डीसी दोन्हीवर. एक-दोन व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर आधी अर्थिंग दुरुस्त करा. ते हातात नसेल तर ऑप्टिकल आयसोलेटर मध्ये घाला, आणि तोवर दोन्ही यंत्रं बंद करूनच केबल लावा.